शंभर फुटांची पट्टी

इंग्लंडातल्या रीडिंग शहरात राहणाऱ्या संजयरावांनी आयुष्यात सायकलची चेनसुद्धा स्वतः बसवली नव्हती. पण मॅनेजर म्हणून उंटावरून शेळ्या हाकायची वीस वर्षांची सवय. त्यामुळे लेक सान्वीनं शाळेच्या सिम्युलेटर स्पर्धेसाठी कॉम्प्युटरवर विमान तयार केलं, तेव्हा तिला बाजूला सारून चालवायला तेच बसले. विमानानं शंभर फुटांच्या पट्टीवरून उडायचं, तिथंच उतरायचं आणि हिशेबात चालवणाऱ्याचं खरं वजन धरायचं, अशी अट होती. 'बापलेकीचं डिझाइन' असं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकूनही झालं होतं. आता फॉर्मवर लेकीशेजारी आपलं नाव लागलंच पाहिजे, हा एकच ध्यास.

"बाजारात तुरी!" त्यांची बायको आसावरी म्हणाली.

सान्वीनं पंख मुद्दाम मोठे केले होते, कमी वेगातही विमान उचलावं म्हणून. तरी उडायला पट्टी दहा फूट कमी पडत होती. इथंच घोडं पेंड खात होतं. संजयरावांना ऑफिसातला एकच इलाज ठाऊक: अडलं की कपात करा. त्यांनी मागची सीट काढली, रेडिओ काढला, निम्मं पेट्रोल काढलं, आणखीही काहीबाही केलं. विमान सत्तर फुटांतच उडालं!

"याला म्हणतात एक्सपीरियन्स!"

सान्वी स्क्रीनवर वाकली. "बाबा, पायलटचा वेट झिरो का आहे?"

"अगं, तेवढं ऑप्टिमाइझ केलं."

"मग प्लेन कोण चालवतो?"

आसावरी फसकन हसली. नाइलाजानं संजयरावांनी स्वतःचे चौऱ्याण्णव किलो भरले. विमान कुंपणात घुसलं. दुसऱ्यांदा तळ्यात गेलं. त्यांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग कॉम्प्युटरला. पण लेकीसमोर आपलं पितळ उघडं पडलंय हे त्यांना कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

"बाबा, ऊठ ना. मी बसते."

तिनं रेडिओ आणि पेट्रोल परत ठेवलं, पायलटचं वजन एक्केचाळीस लिहिलं. विमान नव्वद फुटांत उडालं आणि एक फेरी मारून पट्टीवर अलगद उतरलं.

"वा! आता फॉर्मवर माझं नाव टाक," संजयराव टाळ्या वाजवत म्हणाले.

सान्वीनं फॉर्म उघडला. डिझायनर: सान्वी. पायलट: सान्वी. खाली प्रश्न होता, वजन कमी करण्यासाठी काय काढलं? तिनं शांतपणे लिहिलं: मागची सीट आणि बाबा.

लागलं संजयरावांना, चांगलंच लागलं. पण फॉर्मवर पालकाची सही हवी होती. त्यांनी ती केली.