लोटलेलं दार

माझा धाकटा भाऊ दाराशी थांबतो. दार बंद असो की नुसतं लोटलेलं, तो हात लावत नाही. कुणी येऊन उघडेपर्यंत उभा राहतो. न केलेल्या खुनापायी अकरा वर्षं तुरुंगात काढली त्याने, आणि तिथे कैद्याने दार उघडायचं नसतं. पुढे खरा खुनी सापडला, याला 'जा' म्हणाले, झालं. माफी गेली खड्ड्यात.

घरी आणल्यापासून मी त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. बाथरूमच्या दाराशी ताटकळलेला दिसला की माझं डोकं फिरायचं. अरे, चावत नाही ते दार, माझ्यासाठी एकदा तरी आपल्या हाताने उघड, म्हणून रोज कानीकपाळी ओरडायचे. तो ओशाळं हसायचा आणि उभाच राहायचा.

मग ते लाँड्रीतलं झालं. तिथे तो चादरी धुवायचा. भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मालकाच्या डोक्यात कुणीतरी घाव घातला आणि त्याला इस्त्रीच्या खोलीत टाकून तो पसार झाला. मालक लगेच गेला नाही, अर्धा तास विव्हळत होता. आणि लोटलेल्या दाराबाहेर चादरींची टोपली घेऊन आमचे बंधुराज उभे! जेवून आलेल्या बायकांनी त्याला तसाच पाहिला. यानेच मारलं आणि जीव जाईपर्यंत राखण केली, असं ठरलं. आधी एक पचवलाच होता की, असंही लोक म्हणाले. जीभ झडत नाही एकेकाची.

कोठडीत मी त्याला विचारलं, मालकाच्या हाका ऐकू येत नव्हत्या का तुला?

"येत होत्या ना, ताई. मीपण ओरडत होतो, कुणीतरी दार उघडा म्हणून."

मशिनांच्या घरघरीत कोण ऐकणार होतं?

मी वकिलाला ही सवय सांगितली. वकिलाने तपास अधिकाऱ्याला गळ घातली. अधिकारी म्हणाला, बघू या. भावाला एका खोलीत ठेवायचं, दार नुसतं लोटायचं. तासभर तो बाहेर आला नाही, तर ही सवय खरी असं अहवालात लिहीन. अट एकच, त्याला आधी कुणी काही सांगायचं नाही. मी शब्द दिला आणि पाळला. अक्कल गहाण टाकली होती माझी.

मला समोरच्या बाकावर बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. दाराला काच होती. भाऊ पलीकडे येऊन उभा राहिला आणि मी उघडायची वाट बघू लागला. पन्नास मिनिटं तो माझ्याकडे बघत होता आणि मी दगडासारखी बसून होते. ताई समोर असून उठत नाही, याचा त्याने काय तो अर्थ लावला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तसा त्याचा हात वर गेला. अधिकाऱ्याची नजर माझ्यावर होती. मी मानसुद्धा हलवली नाही.

दार उघडलं. तो घामाने निथळत बाहेर आला. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

"बघ ताई, उघडलं."

अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं. वकील आपले कागद आवरू लागला. आणि मी उठून भावाच्या खाडकन थोबाडीत मारली.

तो गाल धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "चुकलं का? पुन्हा उघडून दाखवू?"