राजाची मिशी आणि उचललेली शिंक

मित्रांनो, मी एक जुनी मिशी. ओठावर उगवलेली नव्हे, डिंकाने चिकटवलेली, राजाची. हसू नका. मुकुट पुठ्ठ्याचा असला तरी चालतो, पण मिशी ढिली पडली तर राज्य जातं!

माझा जन्म मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर झाला. तिथल्या गोमतीबाईंकडे एक बोकड होता. त्याची दाढी इतकी भारदस्त, की नवे आलेले तलाठी आधी त्यालाच रामराम करायचे. गोमतीबाईंचे यजमान रूपलाकाका यांनी तांड्याच्या नाटकमंडळीसाठी एक नाटक रचलं आणि राजासाठी ती दाढी कातरली. बोकड आठवडाभर तोंड लपवून फिरला. मी मात्र कापडाच्या पट्टीवर बसले आणि एका दिवसात जनावराची राजघराण्यातली झाले.

राजाचं काम रूपलाकाकांचा पुतण्या किशन करायचा. नाटकात राजा सख्ख्या भावाला मृत्युदंड देतो. त्या वाक्याआधी किशन छातीभर श्वास घ्यायचा आणि श्वासाबरोबर माझा एक केस त्याच्या नाकात शिरायचा. "भावाचं मुंडकं... आँऽऽक् छी!... उतरवा!" अशी शिंक, मित्रांनो, की खांबावरचा कर्णा खाली यायचा. एकदा तर जऊळका स्टेशनात उभी असलेली मालगाडी शिट्टी झाली समजून निघून गेली. खोटं वाटत असेल तर त्या मालगाडीलाच विचारा.

लोक पोट धरून हसायचे. रूपलाकाका डोकं धरून बसायचे. नाटक रडवायचं होतं ना! पण दुसरी मिशी कुठून आणणार? बोकडाने धसका घेऊन पुन्हा दाढी वाढवलीच नाही. खेळ संपला की मला पावडरच्या डब्यात कोंबायचे आणि वर्षभर विसरायचे.

यंदा आसेगावच्या जत्रेत आमचं नाटक ठरलं. तर जऊळक्याच्या मंडळीचे मुख्य, इंद्रभान, जत्रेचे कारभारी बबनराव यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"हे नाटक आमचं हाये. या रूपलानं उचललं."

बबनराव गरजले, "चोर कोण ते ठरू द्या. जो चोर, त्यानं या मंचावर पुन्हा पाय ठेवायचा नाई!"

रूपलाकाकांचा चेहरा उतरला. आयुष्यात त्यांनी एकच नाटक रचलं होतं. तेही गेलं, तर राहिलं काय?

बबनरावांची सून उज्ज्वला वाशिमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. चारशे वर्षांमागे एलिझाबेथ राणीच्या अमदानीत लंडनच्या नाटककारांनी कोणती गोष्ट कुठून घेतली, यावर तिने मोठा प्रबंध लिहिला आहे. बबनराव गावभर सांगतात, "आमच्या सुनेनं चोऱ्या पकडायची डॉक्टरी केली!" त्यांनी तिलाच बोलावलं.

"मामाजी, ते नाटकवाले नवी गोष्ट रचतच नव्हते," उज्ज्वला म्हणाली. "जुना इतिहास, परदेशातल्या कहाण्या, शेजारच्या मंडळीचं नाटक, जे हाती लागन ते उचलत. दोन्हीकडं सारखं चांगलं दिसलं तर काही ठरत नाई, चांगलं दोघायले सुचते. सारखी चूक दिसली, की मंग माग लागते. दोघायनंही मृत्युदंडाचा प्रवेश करून दाखवा."

इंद्रभान पुढे झाले. चेहरा झाकला जाऊ नये म्हणून ते मिशी लावत नाहीत. "भावाचं मुंडकं..." म्हणाले, थांबले आणि दणदणीत शिंकले. शेजारी राणी झालेला बबलू कळवळून ओरडला, "महाराज, अपशकुन!" पुढे बसलेल्या बायांनी पोरं पोटाशी ओढली.

"तुमचा राजा काहून शिंकते?" उज्ज्वलाने विचारलं.

"शास्त्र हाये त्यात! दैव त्याले अडवून राह्यलं. लय विचार करून घातली म्या ती शिंक."

मग किशन मला लावून उभा राहिला. श्वास, मुंडकं, शिंक! समोरच्या म्हाताऱ्याचा फेटा उडाला.

"आन् तुमचा?"

"मिशी नाकात जाते न, बाई," किशन डोळे पुसत म्हणाला. "बोकडाची हाये."

रूपलाकाका उसळले, "कितीदा म्हटलं याले, शिंक आवर बे! माह्या नाटकात शिंक नाईच!"

उज्ज्वलाने मला किशनच्या ओठावरून अलगद सोडवलं. पुन्हा वाक्य म्हणायला लावलं. किशन शिंकला नाही. ती इंद्रभानकडे वळली. "भाऊ, यायच्या शिंकेले मिशी कारण हाये. तुमच्या ओठावर तं मिशीच नाई. तुमी नाटक घेतलं, आन् मिशीची चूकबी संगं घेतली."

इंद्रभान खाली बघू लागले. "मानोऱ्यात पाह्यलं होतं. मले वाटलं, शिंक नाटकातलीच असन. तिले काहीतरी कारण पाह्यजे म्हणून अपशकुन म्या जोडला."

"उतरा मंचावरून!" बबनराव ओरडले.

पण रूपलाकाका आडवे आले. "थांबा बाप्पा. माह्यावाल्या शिंकेले लोक हासत आले. याच्या शिंकेनं आज माह्याच अंगावर काटा आला. मले तो अपशकुन पाह्यजे."

उज्ज्वला खुदकन हसली. "त्या लंडनवाल्यायचं असंच होतं. फक्त नाव कोणी सांगत नव्हतं, म्हणून आमाले प्रबंध लिहा लागतात."

जत्रेत पडदा वर जाण्याआधी कर्ण्यावर इंद्रभानचाच आवाज घुमला, "नाटक रूपलाभाऊचं! शिंक बोकडाची! अपशकुन तेवढा माहा!" आणि रूपलाकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रवेशाला रडणारी माणसं पाहिली.

मित्रांनो, आता माझे केस विरळ झालेत. खेळ संपला की मला पावडरीत कोंबू नका. डिंक पुसा, विंचरा, कसर लागू नये म्हणून जवळ एक डांबरगोळी ठेवा. आणि दुसऱ्याचं काही आवडलं, तर खुशाल घ्या, त्यात आपली भर घाला. फक्त ज्याचं घेतलं, त्याचं नाव तेवढं मोठ्यानं घ्या. हळू घेतलंत, तर पुढे कुणाला तरी त्यावर डॉक्टरी करावी लागते.