ती वेगळी अमावास्या

चातुर्मासात मी मौनभोजनाचा नेम धरते. ताटाभोवती पाणी फिरवलं की हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. हे आमच्या शिवदासभावोजींना पक्कं ठाऊक. म्हणून दहिसरहून चारकोपला आमच्याकडे आले, की मी पहिला घास घेतल्यावरच ते मुद्द्याचं बोलतात.

"आईचं ऑपरेशन शनिवारी नाही होणार," ते म्हणाले. "शनिवारी अमावास्या आहे."

माझ्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवा त्यांनी खिरीत साखर समजून मीठ घातलं, आणि मी नैवेद्य दाखवून मोकळी झाले. देवाने काही तक्रार केली नाही, पण आम्हाला ती खावी लागली. त्यांना एकच घोर होता. चाळीस वर्षं श्रावणात रोज पोथी वाचायचा त्यांचा नेम, आणि श्रावण आठवड्यावर आलेला. या शनिवारी एक तरी डोळा झाला नाही, तर डॉक्टरांची पुढची तारीख दिवाळीनंतरची. आणि मेडिक्लेम भावोजींच्या नोकरीवरचा, म्हणजे सही त्यांची.

भावोजी पूर्वी असे नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोबाइलवर एक महाराज भेटले. तेव्हापासून ते आमच्या घरात आधी पंचांग बघतात, मग चप्पल काढतात.

"अरे, तुझी जान्हवी अमावास्येचीच ना?" आमचे हे म्हणाले. "चांगली इंजिनीअर झाली की!"

"जन्म देव देतो, दादा. मोतीबिंदू डॉक्टर काढतो. फरक आहे."

"आणि लक्ष्मीपूजन? तेही अमावास्येलाच करतोस ना?"

"ती वेगळी अमावास्या."

मी भराभर जेवले, हात धुतले आणि हळूच म्हटलं, "भावोजी, ही दिव्यांची अवस. या दिवशी आपण घरातले दिवे घासूनपुसून लख्ख करतो. डोळा म्हणजे दिवाच की हो."

"वहिनी, तो दिवा पितळेचा असतो."

"पण अमावास्येला ऑपरेशन करू नये, हे लिहिलंय तरी कुठे?"

"तेच तर! कुठेच लिहिलेलं नाही. इतकं गुप्त ज्ञान आहे ते. महाराजांनी स्वतः सांगितलं, व्हिडिओत."

आता सगळ्यांना सांगितलेलं गुप्त कसं, हे विचारायचं होतं मला. पण हे पडले माझ्याहून तापट. "तुझी वाट लावली रे त्या महाराजांनी!" म्हणून ओरडले. भावोजींनी शांतपणे कानात अत्तराचा फाया घातला. सोमवार, प्रदोष, चतुर्थी, सगळं करणारी मी; देवाशी माझं कधी भांडण नाही. पण देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्याशी बोलायचं कसं, ते कुठल्याच व्रतात सांगितलेलं नाही.

सासूबाई कोपऱ्यात जप करत होत्या. एवढंच म्हणाल्या, "माका श्रावणात पोथी वाचूची आसा रे, शिवदासा."

"कॅसेट लावू, आई," म्हणत भावोजी दरवाज्याशी गेले. "गुरुवारी येतो, महाराजांच्या आरतीला."

आमच्या हॉलच्या भिंतीवर भावोजींनीच दोन फ्रेम लावल्यात. एक महाराजांची. शेजारी भावोजींची स्वतःची, आश्रमात काढलेली: तीच भगवी शाल, तेच गंध, तसाच वर केलेला हात. दर गुरुवारी महाराजांना हार घालायचं काम सासूबाईंचं.

गुरुवारी मी स्वयंपाकघरात चिंच लावून समया घासत होते, तेवढ्यात हॉलमध्ये किंकाळी फुटली. चिंचेच्या हातांनी धावले. दारात भावोजी, तोंडाचा रंग उडालेला. भिंतीवर त्यांच्याच फोटोला झेंडूचा हा जाडजूड हार! खाली तुपाचा दिवा. आणि सासूबाई उदबत्त्या पेटवत होत्या.

"आई! हे काय केलंस? अगं, मी जिवंत आहे!"

"महाराजांका हार घातलंय," सासूबाई म्हणाल्या. "ओरडतंस कित्याक?"

"तो मी आहे!"

"असय? शाल दिसली, गंध दिसला, म्हटलंय महाराजच. माका खय दिसता, बाबा? आता दर गुरुवारी अशीच चूक होतली. आणि शनिवारी अवस. त्या दिवशी पण हार घालूक होयो मा?"

अमावास्येला जिवंत माणसाच्या फोटोला हार! भावोजी मटकन सोफ्यावर बसले. मी पाणी दिलं. ग्लास संपायच्या आत त्यांनी बॅगेतून मेडिक्लेमचा फॉर्म काढला आणि बसल्याबसल्याच सही ठोकली. हार मात्र स्वतः काढायचं धाडस होईना. तो मी काढला.

शनिवारी सकाळी भावोजीच रिक्षा घेऊन आले. एक डोळा व्यवस्थित झाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "महाराजांचाच संकेत. फोटोतून सांगितलं त्यांनी, आईला दृष्टी द्या!"

"पण अमावास्या होती ना रे?" ह्यांनी विचारलं.

"ती वेगळी अमावास्या, दादा."

डॉक्टरांनी चार दिवस वाचायला मनाई केली. तेवढे दिवस पोथी मी वाचली, सासूबाईंनी पोथीवर बोट ठेवून ऐकली. मग पुढच्या गुरुवारी काळा चष्मा काढून त्या ठणठणीत आवाजात वाचू लागल्या. वाचून झाल्यावर मी हार पुढे केला. त्यांनी तो झटक्यात, न चाचपडता, महाराजांच्या फोटोला घातला. मग आम्ही तिथेच जेवायला बसलो, तेव्हा शेजारच्या फ्रेमकडे बघून पदराआड हसल्या.

"मेल्याच्या कपाळावरचा गंध तेवापण वाकडाच दिसायचा माका," त्या म्हणाल्या.

मी नुकतंच ताटाभोवती पाणी फिरवलं होतं. नेम तो नेम. काही विचारलं नाही. जेवून हात धुतल्यावरही नाही.