आयोगासमोरचा एक शब्द

माठातल्या ओगराळ्याच्या दांड्याला वीतभर बांबू बांधलेला होता. केंद्र सरकारच्या त्या कारखान्यात विमलाबाई गांगुर्डे प्रयोगशाळेत रुजू झाल्या, त्याच आठवड्यात तो बांधला गेला. शिपाई त्यांच्या पेल्यात वरून धार सोडायचा. बांबूमुळे त्याचा हात आणखी लांब राहायचा.

विमलाबाईंनी त्याबद्दल ब्र काढला नाही. पण बी.एस्सी. असूनही धातूच्या तपासणीवरून उठवून त्यांना बाटल्या धुवायला बसवलं, तेव्हा मात्र त्यांनी दिल्लीच्या अनुसूचित जाती-जमाती आयोगाकडे तक्रार केली. आज, त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये, आयोगाचे साहेब नाशिकच्या विश्रामगृहात सुनावणीला आले होते.

व्हरांड्यात नवरा देवराम कानाशी लागला.

"हितं बौद्ध म्हणू नको. दिल्लीच्या यादीत बौद्ध नाय. हिंदू महार म्हण नि मोकळी हो. घरातला बुद्ध काय उठून जानार हाय का?"

"आणि आबांना काय सांगू?"

"त्यांना कोन सांगतंय?"

वडिलांनी, आबांनी, बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक आठ वर्षांच्या विमलच्या हातून गोदावरीत सोडले होते. तरी नोकरीत कुणी धर्म विचारला, की "आहे ते कागदावर आहे" म्हणून त्या आजवर वेळ मारून नेत आल्या होत्या.

आत कारखान्याचे कार्मिक अधिकारी उपेंद्रराव आधीच पंख्याखाली बसले होते.

"साहेब, या बाई सत्यनारायणाचा प्रसाद घेत नाहीत. जयंतीला पांढरी साडी नेसून येतात. मग यांची जात राहिली कुठं? गेली की!"

"पाणी वरून ओतताना असते," विमलाबाई म्हणाल्या, "तक्रार केली की जाते?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज सौम्य होता.

"बाई, तुमच्या अर्जात धर्म लिहिलेला नाही. हिंदू म्हणालात, तर आत्ता चौकशी लावतो. बौद्ध म्हणालात, तर केंद्राच्या यादीप्रमाणे तुम्ही अनुसूचित जातीत बसत नाही, आणि हे प्रकरण माझ्या हातात राहत नाही. नियम मी केलेला नाही."

बाई तसं म्हणणार नाहीत हे ठाऊक असल्यासारखे उपेंद्रराव हसत पुढे झुकले. "सांगा ना, विमलाबाई. हिंदूच की तुम्ही. आपल्यातल्याच."

'आपल्यातल्या' हा शब्द त्यांच्या तोंडून पाच वर्षांत पहिल्यांदाच निघाला होता.

दारातून देवराम 'म्हण, म्हण' अशी मान हलवत होता. आम्लाने सोललेली बोटं विमलाबाईंनी टेबलावर ठेवली.

"बौद्ध," त्या म्हणाल्या. "लिहा, साहेब. मी बौद्ध आहे."