पट्टीखालचा उजेड

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, पण माझ्यापाशी बसून कोणी कधी जेवलं नाही की गृहपाठ केला नाही. मी वेल्डिंगच्या कारखान्यातलं पोलादी टेबल. माझ्या अंगावर तापलेलं लोखंड ठेवतात, शिकंज्याने आवळतात, हातोडीने बदडतात. वर ठिणग्या पडतात त्या वेगळ्याच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मार खाण्यासाठीच माझा जन्म झाला आहे आणि मी तो मुकाट्याने खातो. माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मला घडवणाऱ्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या अशी कामं ते करत. त्यांची लेक शिक्षण आटोपून कारखान्यात आली आणि म्हणाली, "बाबा, मी इथंच काम करणार." मिस्त्रींनी वरवर कपाळाला आठ्या घातल्या, पण आतून ते हरखले होते. त्यांचा धाकटा भाऊ मात्र हसला. तो गिऱ्हाइकं आणायचा, माल पोचवायचा आणि बोलायचा फार. लेकीला तो राणीसरकार म्हणायचा. "राणीसरकार, हे लोखंड आहे, रांगोळी नाही," हे त्याचं पहिलं वाक्य मी जन्मण्याआधीचं असलं तरी मला पाठ आहे, कारण पुढे ते त्याने माझ्यासमोर पुष्कळदा ऐकवलं.

तोवर कारखान्यात एक डुगडुगतं स्टँड होतं. मिस्त्री म्हणाले, "आता दोघं काम करणार, तर टेबल दणकट हवं." त्यांनी फरशी झाडून घेतली आणि खडूने माझं चित्र काढलं, अगदी खऱ्या मापाचं. कागदबिगद काही नाही. मी जेवढा आहे तेवढाच आधी जमिनीवर होतो. लेक त्या चित्रात उभी राहून हसत म्हणाली, "बाबा, उंची तुमच्या कोपराएवढी धरलीत. मला तर फळीवर चढून काम करावं लागेल."

"मग चढ की, बुटके. टेबल मिस्त्रीच्या मापाचं असतं."

तिला त्याचं वाईट वाटलं नाही. मिस्त्री तिला लाडाने बुटकीच म्हणत. एक लाकडी फळी तिने स्वतःच शोधून आणली.

मग जाड चौकोनी पाइप कापले गेले, पाय उभे राहिले, खाली आडव्या पट्ट्या आल्या. गुण्या लावून प्रत्येक कोपऱ्याचा काटकोन तपासला. दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे भरले तेव्हाच मिस्त्रींनी मान हलवली. राहिला होता माझा माथा, म्हणजे वरची जाड प्लेट. सगळं अवघड इथेच असतं. लोखंड तापलं की फुगतं आणि निवताना आखडतं. एका बाजूला सलग वेल्डिंग केलं तर प्लेट त्या बाजूला ओढली जाते. म्हणून थोडं इथे, थोडं समोरच्या बाजूला, असे आखूड टाके मारायचे आणि मध्ये निवू द्यायचं. हे लेकीला मिस्त्रींनीच शिकवलं होतं. मला उलटं पाडून तिने प्लेटच्या आतल्या कडेला खडूच्या खुणा केल्या, जिथे खूण तिथेच टाका.

ती वेल्डिंगचे रॉड आणायला आतल्या खोलीत गेली, आणि मिस्त्रींनी सुरुवात केली.

मित्रांनो, त्यांना त्या खुणा दिसल्याच नाहीत. बोटाने चाचपत, अंदाजाने, एकाच बाजूने ते सलग पुढे जात राहिले. मला आतून ओढ बसत होती. ओरडावंसं वाटत होतं, पण टेबलाला तोंड कुठून असणार? लेक परत आली तेव्हा ती बाजू पूर्ण झाली होती. तिने खुणांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि उरलेल्या बाजूंचे टाके स्वतःच मारले.

मला सरळ उभं केल्यावर परीक्षा झाली. आमच्या धंद्यात टेबल सपाट आहे की नाही ते असं बघतात: माथ्यावर पोलादी पट्टी उभी धरायची, तिच्या पलीकडे दिवा धरायचा आणि अलीकडून वाकून बघायचं. पट्टीखालून उजेड आला, तर तिथे खड्डा. नाही आला, तर टेबल सपाट. लेकीने पलीकडे दिवा धरला. मिस्त्री वाकले, या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी फिरवली आणि समाधानाने म्हणाले, "कुठेही उजेड दिसत नाही. एक नंबर झालंय."

उजेड होता. माझा एक कोपरा खाली बसला होता आणि तिथून दिवा स्वच्छ दिसत होता. मिस्त्री जेवायला गेल्यावर लेकीने एकटीने पट्टी लावून पाहिलं. दिवा पट्टीपलीकडे माझ्यावरच ठेवला होता. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग ती माझ्यावर हाताची घडी टेकवून, त्यावर डोकं ठेवून रडली. माझ्या अंगावर ठिणग्या पुष्कळ पडल्या आहेत, पण तो ओलावा मला अजून आठवतो.

त्यानंतर मला एकेक गोष्ट कळू लागली. मिस्त्रींनी दुचाकी सोडली होती आणि कारण गुडघ्याचं सांगितलं होतं. नटबोल्ट ते डब्यातून बघून नाही, चाचपून काढत. कारखान्यात दिवे वाढत चालले होते. "हल्लीच्या दिव्यांत दम नाही," असं म्हणून ते आणखी एक दिवा लावायला सांगत. लेक निमूटपणे लावून घेई. एकदाच तिने विचारलं, "बाबा, डोळे दाखवून येऊ या का?" तर ते तिच्यावर एवढे उखडले की पुन्हा तिने नाव काढलं नाही. ज्याचे डोळे गेले तो मिस्त्री कसला, अशी त्यांना धास्ती होती. आणि बापाला ते उघडं पाडायचं नाही, असं लेकीने मनाशी धरलं होतं. दोघंही मूग गिळून बसले, आणि मधे मी.

लेकीने एक तोडगा काढला. पत्र्याचे पातळ तुकडे कापून तिने माझ्या बसलेल्या कोपऱ्यावर असे रचले की तो बाकीच्या माथ्याच्या बरोबरीला यावा. त्यावर काम ठेवलं की ते सरळ बसायचं. या आधारावर तिने कितीतरी गेटं सरळ काढली. गिऱ्हाइकं मिस्त्रींना म्हणत, "टेबल झकास बनवलंत." मिस्त्री मला थोपटत. ती थाप मला मुळीच आवडायची नाही. खोटं कौतुक अंगावर घेऊन उभं राहायचं म्हणजे शिक्षाच.

मग बालवाडीच्या बाईंनी दोन पाख्यांचं, म्हणजे दोन झडपांचं, मोठं गेट सांगितलं. लेकीने जीव ओतून काम मांडलं. एक पाखा झाला. दुसऱ्याची चौकट माझ्यावर मांडायची तेवढ्यात रॉड संपले, ते आणायला ती बाहेर गेली. मिस्त्रींना मला झाडायची सवय होती. बायको देवघर पुसायची तसे ते मला पुसत. त्या दिवशीही त्यांनी झाडू फिरवला. हाताला पत्र्याचे तुकडे लागले. "काय कचरा साठवते ही पोरगी," असं पुटपुटत त्यांनी ते भंगाराच्या डब्यात टाकले आणि लेकीला मदत म्हणून दुसरा पाखा स्वतःच मांडून शिकंजे आवळले. लेक आली तेव्हा चौकट शिकंज्यात घट्ट होती आणि माझा कोपरा तिच्याखाली झाकलेला होता. तिला वाटलं, तुकडे तिथेच आहेत. तिने वेल्डिंग पूर्ण केलं.

शिकंजे सोडले आणि पाखा पिळवटून उभा राहिला. बालवाडीच्या दारात लावून पाहिला तर वरचा कोपरा बाहेर आलेला, दोन पाखे मिटेनात, आणि मधल्या फटीत लहान मुलाचा हात सहज जाईल अशी परिस्थिती. बाई म्हणाल्या, "हे मी पोरांच्या वाटेवर कसं लावू?" गेट परत आलं.

लेकीचा काका, मिस्त्रींचा तो धाकटा भाऊ, तापला होता. "दादा, मी पहिल्यापासून सांगतोय. हिला इथं उभी करू नकोस. आता गावभर नाव होईल आपलं! उद्यापासून हिने गिऱ्हाइकांचे फोन घ्यावेत. वेल्डिंगला मी दुसरा माणूस बघतो."

लेक फळीवर उभी होती, ती खाली उतरली. मान खाली. मला वाटलं, आता तरी बोलेल. तिचं सगळं आयुष्य या टेबलापाशी होतं, आणि ते एका शब्दाने वाचलं असतं. तो शब्द तिने गिळला.

मिस्त्री म्हणाले, "चुकलं असेल तिचं. कोणाचं चुकत नाही? पण बुटके, मान्य कर. टेबलाला दोष नाही. टेबल मी स्वतः तपासलंय."

"हो बाबा," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

एवढ्यावर ते मिटलं असतं. पण मिस्त्रींना माझा अभिमान फार. "थांब, तुला दाखवतोच," ते भावाला म्हणाले. "उगाच उद्या टेबलाला नावं ठेवशील." त्यांनी पट्टी काढली आणि माझ्या माथ्यावर नेमकी त्याच कोपऱ्यावर आडवी नेली. "घे, दिवा तिकडून धर गं. आणि तू बघ रे इकडून. एक रेघ उजेड दिसला तर नाव बदलीन."

लेक जागची हलली नाही. "बाबा, असू दे ना."

"धर म्हणतो ना!"

तिने दिवा धरला. काका वाकला आणि लगेच सरळ झाला. "दादा, चेष्टा करतोस काय? एवढा उजेड आहे! नाणं सरकेल खालून."

"काहीतरीच काय?" मिस्त्री स्वतः वाकले. नाक पट्टीला टेकेपर्यंत वाकले. त्यांना आताही उजेड दिसला नाही. मग त्यांनी पट्टी हळूच बाजूला ठेवली आणि हाताचा तळवा माझ्यावरून सरकवत कोपऱ्यापर्यंत नेला. तिथे तळवा खाली उतरला. त्यांची बोटं त्या उतारावर थांबली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग गेटं सरळ कशी निघायची?"

"पत्र्याचे तुकडे ठेवायची मी कोपऱ्यावर."

मिस्त्रींना भंगाराचा डबा आठवला असणार. त्यांचा चेहरा पडला. "मला सांगितलं का नाहीस गं?"

लेकीच्या डोळ्यांना धार लागली होती. "तुम्ही तरी कुठं मला सांगितलंत, बाबा?"

काकाचं तोंड एरवी बंद होत नाही. त्या दिवशी त्याने लेकीच्या हातातला दिवा घेऊन खाली ठेवला आणि तो एवढंच म्हणाला, "दादा, चल. डॉक्टरकडे जाऊ. मी नेतो."

डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या आतली नस हळूहळू सुकत चालली आहे. गेली तेवढी दृष्टी परत येणार नाही. राहिली आहे ती रोजच्या थेंबांनी टिकवता येईल. आधी दाखवलं असतं तर पुष्कळ वाचली असती, असंही ते म्हणाले. हे दवाखान्यातून परतल्यावर लेक कारखान्यात काकाशी बोलत होती तेव्हा मी ऐकलं. "आधी" हा शब्द तिने दोनदा उच्चारला.

मला दुरुस्त करायचं ठरलं. मला पुन्हा उलटं पाडलं, ते लांबलचक वेल्डिंग ग्राइंडरने कापून काढलं. कोपरा तापवून, शिकंज्याने ओढून वर आणला. या वेळी टाके लेकीने मारले. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक टाक्यापाशी हात धरत. "अजून ऊन आहे, थांब," असं म्हणत ते तिला थांबवत. तिला घाई झाली तरी ते ऐकत नसत.

सरळ उभं करण्याआधी मिस्त्री म्हणाले, "इकडे ये. सरळ उभी राहा आणि कोपर दुमड."

"कशाला?"

"टेबल मिस्त्रीच्या मापाचं असतं."

तिने माप दिलं. माझे चारही पाय तिच्या कोपराइतके आखूड झाले, आणि ती फळी काकाने उचलून बाहेर नेऊन ठेवली.

शेवटी पुन्हा पट्टी आणि दिवा. या वेळी दिवा मिस्त्रींच्या हातात होता. लेक वाकली. "उजेड नाही, बाबा."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

तिने पातळ कागदाची पट्टी फाडून त्यांच्या बोटांत दिली. मिस्त्रींनी ती पोलादी पट्टीखाली सरकवायचा प्रयत्न केला, या टोकाला, त्या टोकाला, मग त्या कोपऱ्यावर. कागद कुठेच शिरला नाही. "नाही जात," ते म्हणाले, आणि कागदाचा तो तुकडा त्यांनी खिशात ठेवला.

बालवाडीचं गेट माझ्यावरच पुन्हा झालं आणि नीट मिटलं. काका अजून लेकीला राणीसरकारच म्हणतो, फक्त आता गिऱ्हाइकांसमोर तिच्या हाताखाली माल धरून उभा असतो. मिस्त्री रोज येतात. सकाळी माझ्या कडेला टेकून ते मान मागे टाकतात आणि लेक त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. कधी कधी ते विचारतात, "आज बाहेर ढग आहेत का गं?" बाहेर लख्ख ऊन असतं. ती खरं तेच सांगते. सांगताना तिचा हात माझी कड घट्ट धरतो.

मित्रांनो, मला रंग लावा, गंज पुसा, असलं मागणं माझं नाही. मागणं एवढंच की जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून सांगा, आणि आपल्या माणसाला दिसत नसेल तर त्याच्याखाली पत्र्याचे तुकडे रचत बसू नका. मी लोखंडाचा. माझं चुकलेलं कापून, तापवून पुन्हा सरळ करता आलं. मिस्त्रींच्या डोळ्यांचं तसं होणार नाही.