पानागणिक

“एक निकाल लिहायला तुम्हाला किती वेळ लागतो?” समितीच्या अध्यक्षांनी विचारले.

“लिहायला अर्धा तास,” सिस्टर म्हणाल्या. “ऐकायला अख्खा दिवस.”

“ऐकण्याचं सोडा. ऐकणं मोजता येत नाही.”

टेबलापलीकडे तिघे होते: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश, अर्थखात्यातले एक साहेब आणि एक व्यवस्थापनतज्ज्ञ. कामावर जखमी झालेल्यांचे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात हंगामी सदस्य बसत. त्यांना योग्य मानधन किती, हे ठरवायला ही समिती नेमली होती. समितीच्या सभासदांना स्वतःला दर बैठकीचा भत्ता होता. तो योग्य आहे की नाही, अशी शंका कुणाला आली नव्हती, त्यामुळे बैठका भरपूर झाल्या.

सिस्टर म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. न्यायाधिकरणात एक तरी सदस्य शरीराच्या दुखण्याचा जाणकार असावा, असा नियम होता, म्हणून त्यांना हंगामी नेमले. त्या हंगामाला आता आठ वर्षे झाली होती. त्यांच्या नावाची पाटीसुद्धा पुठ्ठ्याचीच होती. शिपाई ती रोज सकाळी टेबलावर मांडी आणि संध्याकाळी कपाटात ठेवी.

“मोजता येईल असं काहीतरी हवं,” तज्ज्ञ म्हणाला. त्याच्यापुढे निकालांचे दोन ढीग होते. “तुमच्याबरोबर बसणाऱ्या वकीलसाहेबांचे निकाल चाळीसेक पानांचे असतात. तुमचे एका पानाचे. कष्ट कुणाचे जास्त, हे उघडच आहे.”

निवृत्त न्यायाधीशांनी मान हलवली. त्यांची सारी कारकीर्द जाड निकालांवर उभी होती.

“वॉर्डात पाळी बदलताना पेशंट पुढच्या नर्सच्या हवाली करायचा, तो तीन ओळींत,” सिस्टर म्हणाल्या. “चौथी ओळ कुणी वाचत नाही.”

“हा वॉर्ड नाही, मॅडम.”

“बरोबर. वॉर्डात चूक झाली तर निदान कळायचं.”

तिघांनीही हे ऐकले. मोजता येत नसल्यामुळे कुणी लिहून घेतले नाही.

महिन्याभरात आदेश निघाला. हंगामी सदस्यांना यापुढे दिवसागणिक नव्हे, निकालाच्या पानागणिक मानधन मिळेल. समितीने याला शास्त्रशुद्ध म्हटले होते.

सर्वांत खूश झाले वकीलसाहेब. तेही हंगामीच. कचेरीत त्यांना चऱ्हाट म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होते. करंगळी तुटल्याचा दावा असला, तरी त्यांचा निकाल माणसाने पहिलं हत्यार हातात घेतलं तिथून सुरू होई.

“सिस्टर, जमाना बदललाय,” चहा पिताना ते म्हणाले. “थोडं पाणी घाला. कंपनीचं म्हणणं दोनदा लिहायचं. एकदा त्यांच्या शब्दांत, एकदा आपल्या. झाली चार पानं.”

“आणि माणूस?”

“कुठला माणूस?” चऱ्हाटाने विचारले. त्याला खरोखरच कळले नव्हते.

सिस्टरांना पाणी घालणे भाग होते. घरी नवरा अर्धांगवायूने पडून होता. दिवसभर त्याचे करायला एक मावशी येत, आणि मावशींचा पगार न्यायाधिकरणाच्या मानधनातून निघे. तो निघाला नाही, तर सिस्टरांनी घरी बसायचे, एवढा साधा हिशेब होता. नवऱ्याची जीभ जड झाली होती, पण धार गेली नव्हती.

“वाढव की,” तो अडखळत म्हणाला. “माझ्याशी भांडताना... कधी एका पानात आटपलंस?”

“तुमचं ऐकून घ्यायला पानं लागायची.”

“मग लाव पानं. मावशींच्या हातांची सवय झालीय मला. तुझे हात थंडगार असतात.”

आणि सिस्टरांनी पाने लावली. पुढचा दावा लाकडाच्या वखारीत करवत चालवणाऱ्या एका माणसाचा होता. उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. प्रश्न सरळ होता आणि उत्तरही. सिस्टरांनी त्याची नऊ पाने केली. ‘वस्तुस्थितीच्या साकल्याने केलेल्या अवलोकनान्ती’ असे एक वाक्य त्यांना साधले आणि त्यांनी ते स्वतःशीच पुन्हा वाचले. हे आपल्याला जमते आहे, याची त्यांना गंमत वाटली. पुढे कित्येक दिवस त्यांना लाज वाटली, ती त्या गमतीचीच.

निकाल वाचून दाखवायचा, असा रिवाज होता. करवतवाला बायकोला घेऊन पुढच्या बाकावर बसला. दोघांनी चपला बाहेर काढल्या होत्या, तसे कुणी सांगितले नसताना. सिस्टर मान खाली घालून वाचत होत्या. चौथ्या पानावर कंपनीचे म्हणणे होते, दुसऱ्यांदा: कामगाराने करवतीवरची जाळी स्वतःच काढली, सबब तो कोणत्याही भरपाईस पात्र नाही.

सहाव्या पानाशी त्यांनी मान वर केली, तेव्हा बाक रिकामा होता.

शिपाई धावत गेला आणि दोघांना बसथांब्यावरून परत घेऊन आला. या वेळी ते चपला घालूनच आत आले.

“नाही म्हणालात ना, सिस्टर?” करवतवाला म्हणाला. “मग परत कशाला बोलावलं? काही सही राहिली का?”

“मिळालीय तुम्हाला भरपाई. पूर्ण.”

“कधी?”

“शेवटच्या पानावर.”

त्याच्या बायकोने पदराने तोंड पुसले आणि विचारले, “मग आधीच का नाही सांगितलं, बाई?”

विचारण्यात राग नव्हता. राग असता तर सोपे गेले असते. चऱ्हाटाने याचेही उत्तर चार पानांत दिले असते.

त्यानंतरचे त्यांचे सगळे निकाल एका पानाचे झाले. पहिली ओळ: भरपाई मंजूर. किंवा: नामंजूर. खाली कारण. महिनाअखेरीला हातात आले त्यात मावशींचा अर्धा पगारही भागत नव्हता. समितीला मात्र मुदतवाढ मिळाली. पानागणिक मानधनामुळे न्यायाची गुणवत्ता किती वाढली, याचा अभ्यास करायचा होता. चऱ्हाटाचे निकाल तेव्हा साठ पानांवर गेले होते, म्हणजे गुणवत्ता वाढलीच होती.

सिस्टरांनी कारकुनापुढे राजीनामा ठेवला.

“एकच ओळ?” कारकून म्हणाला.

“दुसरी लिहिली असती, तर समितीच्या साहेबांबद्दल लिहावी लागली असती.”

कारकुनाने दाराकडे पाहून घेतले, मग हसला. शिपायाने पुठ्ठ्याची पाटी कपाटातून काढून विचारले, “ही नेता का, सिस्टर?” त्यांनी पाटी उलटी करून पाहिली. मागे दुसऱ्या कुणाचे नाव खोडलेले होते. पाटी त्यांनी तशीच परत दिली.

घरी मावशी पिशवी भरून, डोळे पुसत निघून गेल्या. नवरा छताकडे पाहत होता.

“मग दुपारी मला... उठवणार कोण?”

“मी.”

“हंगामी, की कायम?”

सिस्टरांनी दोन्ही तळहात एकमेकांवर खूप वेळ चोळले, गालाला लावून पाहिले, पुन्हा चोळले. मग वॉर्डात शिकवले होते तसा एक गुडघा पलंगाला टेकवला आणि हात त्याच्या काखेत घातले.

“तीन म्हटलं की उठायचं,” त्या म्हणाल्या.