पिवळं व्हायला हवं

पिपेटला लावलेल्या प्लास्टिकच्या टिपेच्या टोकाला लटकलेला तो थेंब... पडत का नाहीये? तिनं खटका पुन्हा दाबला, आणि उकळलेल्या एन्झाइमचा थेंब नळीच्या कडेनं घरंगळत खाली गेला. टिप या वेळी नवी, तीनतीनदा बघून लावलेली — कारण परवा ताज्या एन्झाइमला वापरलेली टिपच तिनं उकळलेल्यातही बुडवली होती. बुडवली होती ना? की मनाचे खेळ? छे, आज दात घासताना लख्ख आठवलं: टिपांचा डबा रिकामा, नवा कपाटात, आणि उठायचा कंटाळा.

उकळलं की एन्झाइम मरतं. घडी विस्कटते, मधली खळगी उरत नाही. मग त्यानं तोडायचा तो कण येऊन टेकणार कुठे? जिवंत असलं की ते कणाला खळगीत घेतं, जरासं आवळतं, बंध ताणून तोडतं, पिवळे तुकडे सोडतं आणि पुढच्यासाठी पुन्हा मोकळं — स्वतः झिजत नाही. म्हणून तर भीती. टिपेला चिकटलेला अंशही नळी पिवळी करायला पुरे... आणि परवा उकळलेल्याची नळी चार मिनिटांत पिवळी झाली होती. सर हरखून गेले होते. "उकळूनही जिवंत! आता तुझी नोकरी पक्की समज." आज तीन वाजता ते सगळ्यांसमोर जाहीर करणार होते.

आईला तर सांगायलाच नको होतं. "उकळूनही काम करतं? अगदी तुझी आत्याच की गं!" म्हणून पोटभर हसली आणि निम्म्या नातेवाइकांना कळवून मोकळी झाली. तिला काय सांगणार — तुझ्या लेकीनं उठायचा आळस केला?

तीनला पाच कमी. शेजारची ताज्या एन्झाइमची नळी केव्हाच पिवळीधमक. ही मात्र पाण्यासारखी. तिनं ती पांढऱ्या कागदासमोर धरली, खिडकीशी नेली, डोळे किलकिले केले. कडेला जराशी झाक... की स्वतःच्याच नखाचा रंग? चार मिनिटं. पाच. हो गं बाई, जराशी तरी हो! आपण कुणाची मनधरणी करतोय हे लक्षात आलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते बघायला म्हणून मी हे पुन्हा करायला घेतलं... पण मला खरं नकोच आहे, मला पिवळं हवंय.

दारातून सर डोकावले. "झाली का तुझी खातरजमा? लोक खोळंबलेत."

सात मिनिटं होऊन गेली होती, आणि नळी पाण्यासारखीच होती.

"अजून नाही, सर," ती म्हणाली — आणि किती सहज म्हणून गेली, याचीच तिला धडकी भरली.